प्रतिक्रियेला उत्तर: हळदीची थीम, गणित आणि ओढूनताणून केलेला समवाय

नमस्कार सर,

थीमवर आधारित होमस्कूलिंगच्या (घरीच, एका विषयाभोवती बाकीचं शिकवण्याच्या) लेखावर तुम्ही तासगावहून मनापासून लिहिलंत, त्याबद्दल आभार. नव्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, ही जुनी समवाय पद्धतच आहे, फक्त नाव नवं. दोन, तीत ओढूनताणून जोडाजोडी होते आणि शिकणं वरवरचं राहतं. तीन, तुम्ही पाहिलेल्या घरांत गणित मागे पडतं आणि दहावीला मूल उघडं पडतं.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, तिचा गाभाच समवाय होता: हाताच्या कामाभोवती बाकीचे विषय गुंफायचे. दुसराही बराचसा मान्य. ‘थीम हळद’ म्हणून हळदीची कविता, हळदीचं चित्र, आणि गणितात ‘५ हळकुंडं अधिक ७ हळकुंडं किती’ असला प्रकार सर्रास चालतो. तो ओळखायची माझी चाचणी साधी आहे. धड्यातून हळद काढून तिथे बटाटा ठेवा. धडा जसाच्या तसा उरला, तर तिथे समवाय नव्हताच.

यावर उपाय म्हणजे थीमला नाव देऊन थांबू नये, तिला एक प्रश्न द्यावा. ‘हळद’ हे नुसतं नाव झालं. ‘एक किलो ओल्या हळदीची बाजारात जाण्याजोगी किती हळद उरते, आणि बाकीची जाते कुठे?’ हा प्रश्न झाला. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला तो सहज चार ते सहा आठवडे पुरतो. सांगलीत तो जानेवारी ते मार्चमध्येच घ्यावा. काढणी, शिजवणं, वाळवणं तेव्हा चालू असतं आणि ओला माल हाताशी असतो.

कृती नेमकी सांगते, कारण गडबड तपशिलात होते. ओली हळकुंडं एक किलो घ्या, जेठे गड्डे (मधले मूळ कंद) बाजूला ठेवा. गड्डे जाड असतात, सावकाश वाळतात. दोन्ही एकत्र केले तर आकडे कशाचे हेच कळत नाही. माती धुवा, पाणी पुसा, मग वजन करा. मातीसकट तोललेली हळद पुढचं सगळं गणित खोटं पाडते. त्यातली साधारण २०० ग्रॅम कच्चीच वेगळी ठेवा, तुलनेसाठी. बाकीची ८०० ग्रॅम बुडेल इतक्या पाण्यात झाकण ठेवून पाऊण ते एक तास शिजवा. हे काम मोठ्यांचं. आगपेटीची काडी हळकुंडात सहज शिरली की उतरवा. कमी शिजली तर वाळल्यावर आतला रंग सारखा येत नाही, जास्त शिजली तर गर मऊ पडून माल बिघडतो. शिजल्यावरचं वजन वेगळं लिहा. पण टक्केवारीचा पाया ओलं वजनच धरायचं, हे आधी ठरवा, नाहीतर मुलाच्या वहीत दोन वेगळी उत्तरं येतात.

मग ऊन. दहा ते पंधरा दिवस, रात्री झाकून. वजन रोज एकाच वेळी, संध्याकाळी पाचला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. सकाळी तोलू नका. रात्री हवेतला ओलावा शोषल्यामुळे आकडा कधी कधी चढतो आणि मूल बुचकळ्यात पडतं. (ते पडलंच, तर ‘वाळत ठेवलेली वस्तू जड कशी झाली?’ यावर एक दिवस खुशाल घालवा.) हळकुंड मोडताना कडक आवाज आला आणि लागोपाठ तीन दिवस वजन तेच राहिलं, की वाळली. किलोमागे बहुधा २०० ते २५० ग्रॅम उरते. जात, माती, काढणीची वेळ यांनुसार कमी-जास्त. तुमच्या ८०० ग्रॅमची १७६ ग्रॅम झाली तर २२ टक्के. म्हणजे क्विंटलभर ओल्या हळदीची २२ किलो. शेतकऱ्याला मिळणारा भाव कोणत्या वजनाला, हे मुलाला इथे आपोआप कळतं.

यात सगळ्यात मोलाचा आलेख आहे. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर ग्रॅम. रेषा आधी झपकन उतरते, मग सपाट होत जाते. का? पृष्ठभागाजवळचं पाणी लवकर उडतं, आतलं बाहेर यायला वेळ लागतो. कच्च्या २०० ग्रॅमची रेषा त्याच कागदावर, पण ओल्या वजनाच्या टक्क्यांत काढा. वजनं वेगळी असल्याने ग्रॅमची तुलना फसते. कच्ची हळद जास्त दिवस घेते. शिजवल्याने काय बदललं, हा प्रश्न तिथे मूल स्वतः विचारतं. ‘उष्णतेने पिष्ट (स्टार्च) फुगतं, आतली रचना सैल होते’ हे वाक्य तोवर राखून ठेवावं.

इथे तुमचा गणिताचा मुद्दा येतो, सर, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. टक्केवारी न आलेल्या मुलासमोर हा प्रयोग ठेवला तर पालकच बेरजा-भागाकार करतात आणि मूल पाहत बसतं. म्हणून थीममध्ये गणित वापरायचं, नव्याने शिकवायचं नाही. गणिताच्या पायऱ्या एकावर एक असतात, हळदीच्या हंगामाप्रमाणे त्या पुढेमागे करता येत नाहीत. रोज ४० मिनिटं गणित पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने, थीमपासून पूर्ण वेगळं. त्याच्यामागून अर्धा तास वाचन-लेखन. थीमला दीड तास, आठवड्यातून चारच दिवस. अपूर्णांक, दशांश, शतमान ज्या महिन्यात पक्के झाले, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते लागणारी थीम घ्यावी. मूल तयार नसेल तर त्या वर्षी फक्त आलेख काढा, टक्के पुढच्या हंगामात. गणित मागे पडलेली जी घरं तुम्ही पाहिलीत, तिथे बहुधा ही वेगळी ४० मिनिटंच थीमने गिळलेली असतात.

सगळं थीममध्ये बसवायचा हट्टही सोडावा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. इयत्तेच्या परिसर अभ्यासाची अनुक्रमणिका काढून जे धडे थीममध्ये खरोखर झाले त्यांच्यापुढे पेन्सिलने खूण करा. उरलेले सरळ पुस्तकातून शिकवा. चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास हळदीला बांधायची काही गरज नाही. हळदीच्या पट्टीवर चुन्याची निवळी टाकून लाल रंग दाखवायचा प्रयोगही मला आवडतो, पण ‘किती उरते’ या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. तो विज्ञानाच्या वहीत, दुसऱ्या दिवशी. आणि त्यात खायचा सोडा वापरू नका. त्याचा अल्कधर्म सौम्य असल्याने रंग जेमतेम तांबूस होतो आणि मूल ‘झालं नाही’ म्हणून सोडून देतं.

भूगोल मात्र या प्रश्नातून खरा निघतो. हळद एवढी वाळवायचीच का? साठवायला. कुठे? सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला पूर्वापार ती जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खोल खड्ड्यांत, ठेवत आले. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होतो, कीड टिकत नाही. त्याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरणं जिवावर बेततं. मुलांना तोंडाजवळही जाऊ देऊ नये. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. नकाशावर सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल दाखवा, तिथली ४० फुटांची इशारा आणि ४५ फुटांची धोका पातळी सांगा, आणि नदीकाठी जमिनीखाली माल ठेवण्यातला फायदा-तोटा मुलालाच लिहू द्या. ते एक पान भाषेचा गृहपाठ म्हणून पुरेसं आहे.

दहावीबद्दल थोडक्यात. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) माध्यमिक परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमही आहे. तिथे पाच विषयांत गणित सक्तीचं नाही, आणि नेमका तिथेच पालकांचा पाय घसरतो: गणित सोडलेल्या मुलाला अकरावी विज्ञानाची वाट अवघड होते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून दहावीला बसण्याचा) फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाच्या पालकांनी हे चौदाव्या वर्षी शोधत बसू नये. सहावी-सातवीच्या वयापासून आठवड्यातून एक दिवस वेळ लावून लेखी प्रश्नपत्रिका सोडवणंही हवंच. थीममधून तो सराव होत नाही.

राहिला वरवरचेपणा. तो शेवटच्या दिवशी तपासता येतो. वही मिटवून मुलाने दहा मिनिटं समजावून सांगायचं, आणि मग हळदीबाहेरचा एक प्रश्न. तासगावकडे तो तयारच आहे: साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तर किती टक्के उरलं? हळदीपेक्षा कमी की जास्त? हळद शिजवतात, मग द्राक्षं न शिजवता द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर का वाळवतात? द्राक्षाच्या सालीवरचा मेणचट थर कुणी न सांगता मुलाच्या बोलण्यात आला, तर सहा आठवडे कामी आले. नाही आला, तर ती थीम वरवरचीच झाली असं समजून पुढची लहान आणि नेमकी घ्यावी.

तुमच्या ओळखीत बेदाण्याचं शेड असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एक किलो द्राक्षं रोज तोलून आकडे इथे लिहाल का? हळदीच्या आलेखाशेजारी ते ठेवता येतील.