त्साओ त्साओने आपल्याच सरदारांचा काटा काढला?

चीनच्या ‘तीन राज्यां’च्या काळाबद्दल एक मजकूर वारंवार शेअर होतो. त्याचा गोषवारा असा: उत्तर चीनचा सत्ताधीश त्साओ त्साओ (इ.स. १५५–२२०) कमालीचा संशयी होता; गरज सरो, वैद्य मरो या न्यायाने त्याने आपलेच सेनापती एकेक करून संपवले; त्यांतला एकही अंथरुणावर मेला नाही. पुरावा म्हणून नौदलाच्या दोन सरदारांचा शिरच्छेद, यू जिनची विटंबना आणि झांग शिउचा मृत्यू ही प्रकरणं दिलेली असतात. वर ‘ससे संपले की शिकारी कुत्रे शिजवतात’ ही चिनी म्हण.

म्हणीपासूनच सुरुवात करू, कारण ती चुकीच्या दारात आणून बांधली आहे. ती प्रसिद्ध झाली हान शिन या सेनापतीमुळे. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याच्या कारकिर्दीत, इ.स.पू. १९६ मध्ये, त्याला मारण्यात आलं. त्याच वर्षी फंग युए हा दुसरा सरदारही गेला. म्हणजे त्साओ त्साओच्या चारशे वर्षं आधी.

‘एकही अंथरुणावर मेला नाही.’ चन शौ (२३३–२९७) याने लिहिलेल्या इतिहासात या सरदारांची चरित्रं आहेत आणि त्यांत मृत्यूही नोंदलेले आहेत. पाच नावाजलेले सेनापती एकाच प्रकरणात येतात. युए जिन २१८ मध्ये वारला. मृत्यूचं कारण म्हणून चरित्रात ना शिक्षा, ना लढाई. झांग ल्याओ २२२ मध्ये ज्यांगदू इथे आजारपणात गेला. त्याआधी तेव्हाच्या बादशहाने, त्साओ त्साओच्या मुलाने, त्याच्याकडे राजवैद्य धाडला होता. शू हुआंग २२७ मध्ये आजाराने वारला; साध्या कपड्यांतच पुरा, असं सांगून गेला. झांग ह मात्र २३१ मध्ये शत्रुपक्षाच्या झूग ल्यांगच्या माघारी जाणाऱ्या फौजेचा पाठलाग करताना उजव्या गुडघ्यात बाण लागून पडला. त्या वेळी त्साओ त्साओला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पाचवा यू जिन. त्याच्याकडे पुढे येतो. (युए जिन आणि यू जिन हे दोन वेगळे. अर्धा गोंधळ इथेच होतो.)

घरच्या माणसांचं पाहा. एका डोळ्याचा श्याहोउ दुन धन्यापाठोपाठ काही महिन्यांत, २२० मध्येच, सरसेनापतीपदावर असताना वारला. त्साओ रन २२३ मध्ये ५६व्या वर्षी गेला. श्याहोउ युआन २१९ मध्ये दिंगजुन डोंगराशी मारला गेला, पण शत्रूकडून. त्याने निम्मी फौज झांग हच्या मदतीला पाठवली आणि स्वतः जेमतेम चारशे माणसं घेऊन जळालेलं काटेरी कुंपण दुरुस्त करायला गेला. सेनापतीला कधीकधी भीतीही वाटली पाहिजे, नुसत्या शौर्यावर भिस्त ठेवू नये, अशी ताकीद त्साओ त्साओने त्याला आधीच दिली होती.

मग सगळे तलवारीने किंवा बाणाने मेले, ही समजूत आली कुठून? चौदाव्या शतकातल्या कादंबरीतून. घटनांनंतर अकराशे वर्षांनी रचलेल्या या ग्रंथात झांग ल्याओ दिंग फंगच्या बाणाने मरतो आणि शू हुआंगच्या कपाळात मंग दाचा बाण घुसतो. कथा म्हणून उत्तम, पण चरित्रांत दोन्ही नाही.

नौदलाच्या दोन सरदारांचा शिरच्छेद. त्याच कादंबरीतला हा सर्वांत गाजलेला प्रसंग. लाल कड्याच्या (छ्रबी, २०८) लढाईआधी शत्रूचा सेनापती झोउ यू खोटं पत्र पेरतो आणि त्साओ त्साओ फसून त्साय माओ व झांग युन यांना मारतो. इतिहासात असं काही घडल्याची नोंद नाही. उलट शियांगयांगच्या जुन्या स्थानिक वृत्तांतात त्साय माओला त्साओ त्साओच्या पदरी मिळालेली पदं आणि जहागिरीचा किताब दिलेला आहे.

यू जिनची विटंबना. ही खरी घडली, फक्त करणारा वेगळा होता. २१९च्या पावसाळ्यात शत्रुपक्षाचा सेनापती ग्वान यू याने फानचंग शहराला वेढा घातला होता. त्याच्या मदतीला गेलेल्या यू जिनच्या सात तुकड्या सखल भागात तळ देऊन होत्या. हान नदी फुटली, मैदानात कित्येक पुरुष पाणी चढलं, आणि ग्वान यू मोठ्या होड्या घेऊन आला. यू जिन शरण गेला. सुमारे तीस हजार माणसं कैद झाली. त्याच्याबरोबरचा पांग द हा अलीकडेच येऊन मिळालेला सरदार. त्याचा नातलग शत्रूच्या पदरी असल्यामुळे त्याच्यावर सगळे संशय घेत. तो मात्र शरण न जाता मारला गेला. तीस वर्षांची ओळख असलेला यू जिन संकटात पांग दच्याही बरोबरीला उतरला नाही, असं म्हणून त्साओ त्साओ हळहळला.

यू जिन ग्वान यूच्या कैदेतून दक्षिणेचा सत्ताधीश सुन छ्वान याच्या हाती गेला आणि २२१ मध्ये परतला, तेव्हा दाढी-केस पांढरे झाले होते. नव्या बादशहाने, म्हणजे त्साओ त्साओचा मुलगा त्साओ पी याने, वरकरणी त्याचं सांत्वन केलं आणि सेनापतीपद दिलं. मग त्याला ‘य’ या शहराजवळच्या समाधीवर दर्शनाला पाठवलं. तिथल्या चित्रात ग्वान यूचा विजय, संतापलेला पांग द आणि शरण येणारा यू जिन आधीच काढून ठेवले होते. यू जिन शरमेने आजारी पडून मेला. ही समाधी त्साओ त्साओची होती. ज्याच्या समाधीवर हे घडलं, तो ते घडवणार कसा?

हाच त्साओ पी त्साओ होंगच्याही जिवावर उठला होता. १९० मध्ये पराभवातून पळताना आपला घोडा देऊन त्साओ त्साओला वाचवणारा तो त्साओ होंग. तरुणपणी उसनं मागितलं आणि त्याने दिलं नाही, एवढा राग मनात धरून बादशहाने एका आश्रिताच्या गुन्ह्याचं निमित्त केलं आणि त्याला मृत्युदंडापर्यंत नेलं. राजमाता ब्यान आडवी आली म्हणून जीव वाचला. पद आणि जहागीर गेली.

झांग शिउ. याने १९७ मध्ये वानचंगला उलटून त्साओ त्साओचा थोरला मुलगा, पुतण्या आणि अंगरक्षक द्यान वेइ यांचा बळी घेतला. १९९ मध्ये तो पुन्हा शरण आला. त्साओ त्साओने त्याची मुलगी सून करून घेतली. इतर सरदारांना हजार कुटुंबांचाही महसूल पुरता मिळत नव्हता, त्या काळात याला दोन हजार कुटुंबांचा दिला. २०७ मध्ये मोहिमेवर जाताना तो वारला. त्साओ पीच्या टोमण्यांमुळे त्याने आत्महत्या केली, असंही एक नंतरचं कथन आहे. तिथेही बोट मुलाकडेच जातं.

मुद्दा असा की त्साओ त्साओला सरदार मारणं परवडणारं नव्हतं. ल्यी द्यान, शू चू, त्सांग बा हे आपापली माणसं घेऊन आले होते. एकाला मारलं की बाकीचे बिथरणार. म्हणून धाक वेगळ्या मार्गाने बसवला जाई. कुटुंबं त्साओ त्साओच्या सत्ताकेंद्रात, ‘य’ शहरात ठेवली जात. ल्यी द्यानने स्वतःहून आपले भाऊबंद आणि आश्रित, तेरा हजारांवर माणसं, तिथे हलवली. त्सांग बानेही मुलं पाठवली. ओलीसच, पण मानाने. २०३च्या हुकुमाने हरणाऱ्यालाही हिशेब लावला: फौज गमावली तर शिक्षा, मोहीम फसली तर पद आणि किताब जप्त.

त्साओ त्साओ सज्जन होता, असा याचा अर्थ नाही. कोंग रोंग (२०८), त्स्वेइ यान (२१६), यांग श्यू (२१९), तसंच जुना मित्र शू यू यांचे जीव त्यानेच घेतले. ही यादी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांची आहे. त्यांच्या मागे फौज नव्हती.

सरदारावर राग धरल्याचं ठळक उदाहरण झू लिंगचं. तो नावडता होता, म्हणून त्साओ त्साओने यू जिनला काही डझन स्वारांनिशी पाठवून त्याची फौज काढून घेतली आणि त्याला यू जिनच्याच हाताखाली दिलं. यापलीकडे काही झालं नाही. झू लिंग पुढे पिछाडीचा सेनापती या मानाच्या हुद्द्यापर्यंत चढला. २४३ मध्ये त्साओ त्साओच्या देवळात ज्या सेवकांना पूजेचा मान मिळाला, त्यांच्या यादीत झू लिंग आहे, पांग द आहे. यू जिन नाही.