लोणी झाडाक लागता?

भाची पुण्याहून व्हीगन होऊन आलीय, परवा तिचा वाढदिवस, केक घरी करायचा, आणि बटर, दूध, अंडं काही चालणार नाही. एवढी प्रस्तावना पुरे. मी कुडाळच्या बाजारात गेलो आणि दुकानदाराला हळूच विचारलं, प्लांट बेस्ड बटर मिळेल का?

हळूच विचारून उपयोग नव्हता, कारण बाकड्यावर आजोबा बसले होते. हे आजोबा दुकानात काही घेत नाहीत, ते तिथे असतात. पेपर खाली केला, चष्म्यावरून मला आपादमस्तक बघितलं आणि स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय रे झिला, लोणी झाडाक कधीपासून लागूक लागलां?"

मी सांगितलं की खोबरेल तेल, पाम तेल, काजू असल्या गोष्टींपासून करतात, दूध नसतं त्यात.

"दूध कित्याक नको?"

भाची खात नाही.

"आजारी आसा चेडू?"

नाही हो, तत्त्व म्हणून.

"म्हणजे पोटाचा काय तरी."

तेवढ्यात नारळाच्या भावावरून वाद घालणाऱ्या एक बाई वाद अर्धा टाकून वळल्या. "कोणाचां चेडू?" "ह्याच्या बहिणीचां. दूध पचणा नाय." पचत नाही असं मी कधी म्हटलं?! पण बाईंनी ओव्याचं पाणी सांगूनही टाकलं. दुकानदाराने मधेच एक डबा पुढे केला, मी मागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात मिल्क सॉलिड्स.

"मगे डालडो घे," आजोबा म्हणाले. "डालडो काय म्हशीचो आसता?"

आणि म्हातारा बरोबर होता, हे मला अजून पचलेलं नाही. डालडा १९३७ पासून आपल्याकडे आहे आणि तो वनस्पती तेलाचाच, किती बेकऱ्यांची खारी नि नानकटाई त्यावरच चाललीय. उलट ज्या मार्जरिनला आपण प्लांट बेस्ड समजतो ते फ्रान्समध्ये १८६९ साली पहिल्यांदा केलं ते गाईबैलांच्या चरबीपासून. मी ट्रान्स फॅटचा, म्हणजे डालड्यातल्या हृदयाला वाईट चरबीचा, मुद्दा काढून बघितला, पण तीही कायद्याने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या वर चालत नाही. शिवाय समोरून उत्तर तयार, "माका ब्याऐंशी वर्सां झाली, रोज खारी खातंय."

शेवटी खोबरेल तेलावर केक केला. बटर साखरेबरोबर फेसतात ते हवा अडकावी म्हणून, त्यासाठी चरबी मऊ पण घट्ट लागते, आणि खोबरेल तेल २४-२५ अंशाला वितळतं. मे महिन्यात कुडाळला २४ अंश, रात्री तीनला तरी असतात का? तेल फ्रीजमध्ये ठेवलं तर दगड, बाहेर काढून फोन घेतला तोवर पाणी. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणीही असतं, तेलात ते नसतं, म्हणून तेल कमी आणि नारळाचं दूध जास्त घातलं. केक बरा झाला, जरा बसका.

पण संध्याकाळी दारात आजोबांचा नातू स्टीलची डबी घेऊन हजर. आत मुठेल! म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आमच्याकडे टाचांच्या भेगांना लावतात ते. "आजो म्हणालो, ह्यां झाडाचां लोणी." बायकोने जाहीर केलं की हे केकात गेलं तर ती खाणार नाही. आता गंमत बघा, युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहाच वनस्पतींची चरबी चालते त्यात कोकम आहे आणि आंब्याची कोयसुद्धा. कोयी आम्ही परड्यात भिरकावतो, कोकमाच्या तेलाने टाचा घासतो, आणि मग बोटाएवढ्या डबीतलं पाम तेलाचं बटर मुंबईहून कुरिअरने मागवतो, त्याचा भाव ऐकून मलाच ओव्याचं पाणी लागलं असतं. कोकणात कुठल्या गोष्टीला किंमत येते तर बाहेर जाऊन परत आल्यावर, हे काजूचं झालं, आता कोकमाचं होईल, आणि तेव्हा ते आम्हाला परवडणार नाही.

असो. मासळी बाजारात गेलो तर कोळीण बांगडे मोजता मोजता विचारते, "चेडू बरां आसा मां? पेज दी तेका." सगळ्या गावाला माहीत झालंय की माझ्या भाचीच्या आतड्याला काहीतरी आहे. ती बिचारी रोज टेकडी चढून येते.

वर आजोबा डबीसाठी निरोपावर निरोप पाठवतायत. आमच्यात डबी रिकामी परत देत नाहीत, म्हणून केकचे दोन तुकडे घालून पाठवली. नातवाकडून उत्तर आलं, "खोबऱ्याचो वास येता. बेकरीतलो बरो."