मुलांना हात न लावणारा माफिया म्हणे!

‘सिसिलीचा खरा माफिया बायका-मुलांना हात लावत नाही, ड्रग्जपासून लांब राहतो, दुकानदारांचं रक्षण करतो आणि नियमाने चालतो.’ ही पोस्ट शाळकरी भाच्याच्या स्टेटसवर झळकली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी मुलांचं. इटलीच्या याच सिसिली बेटावर २३ नोव्हेंबर १९९३ ला ज्युझेप्पे दी मात्तेओ या १२ वर्षांच्या मुलाला पोलिसांच्या वेशातल्या माणसांनी पळवलं. ‘वडिलांकडे नेतो’ असं सांगून! वडील टोळीतलेच, माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश फाल्कोने यांच्या हत्येची माहिती ते पोलिसांना देऊ लागले होते. त्यांचं तोंड बंद करायला मुलाला जागा बदलत ७७९ दिवस डांबलं. ११ जानेवारी १९९६ ला त्याचा गळा आवळला आणि पुरायलाही काही उरू नये म्हणून प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. हुकूम देणाऱ्या माफिया म्होरक्या ज्योव्हान्नी ब्रुस्काने अटकेनंतर स्वतः हे कबूल केलं आहे. आणखी हवंय? १९८५, पिझ्झोलुंगो: एका न्यायाधीशासाठी लावलेल्या बॉम्बने आई आणि तिची सहा वर्षांची जुळी मुलं मारली. १९९३, फ्लॉरेन्स: माफियाने घडवलेल्या स्फोटात नऊ वर्षांची मुलगी आणि तिची ५० दिवसांची बहीण गेली.

नियम आहेत, हे मान्य करावं लागतं. २००७ मध्ये माफियाचा म्होरक्या साल्वातोरे लो पिकोलो पकडला गेला तेव्हा दहा नियमांचा कागदच सापडला. पण तो वाचा तरी. ‘मित्रांच्या बायकांकडे पाहू नये.’ मित्र म्हणजे टोळीतले. बाहेरच्या बाईबद्दल, मुलाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

ड्रग्जबद्दल फार लिहायला नको. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सिसिलीची राजधानी पालेर्मोच्या आसपास मॉर्फिनपासून हेरॉइन बनवून अमेरिकेला जात होतं.

राहिलं ‘रक्षण’. त्याला तिथे पित्सो म्हणतात, म्हणजे सरळ खंडणी. सकाळी दुकानाच्या कुलपात फेव्हिक्विकसारखा गोंद भरलेला सापडतो, किल्ली आत जात नाही. मग कोणीतरी ‘मदतीला’ येतो. त्यानंतर दरमहा किंवा नाताळ-ईस्टरला पैसे द्यायचे. कधी त्यांचा माणूस नोकरीला ठेवायचा, कधी माल त्यांच्याकडूनच घ्यायचा. नकार दिला की आग. कपड्यांचे कारखानदार लिबेरो ग्रास्सी यांनी जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून खंडणी नाकारली. ऑगस्टमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘आद्दियोपित्सो’ (पित्सोला रामराम) चळवळीत पालेर्मोतले दुकानदार एकत्र येऊन नकार देत आहेत. भाच्याने स्टेटसवर त्यांच्याबद्दल लिहावं.