राखणदार

माझा खापरपणजोबा माझा आहे की नाही, याचा निकाल परवा एका सरकारी दप्तरखान्यात लागला. लागला नाही. त्याचंच हे रडगाणं.

अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावून मी टेबलापाशी उभा.

"नातं काय?"

"खापरपणजोबा."

"पुरावा?"

"तुमच्या रुमालात आहे, साहेब. त्याचीच तर नक्कल हवीय."

"आतला चालत नाही. बाहेरचा आणा. तोवर नुसतं बघा."

रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. ते सोडलं आणि मला सणसणीत दोन शिंका आल्या. शिवेच्या तंट्यातल्या साक्षीदारांच्या कैफियती होत्या. साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं, 1262. त्यात 590 मिळवायचे, म्हणजे 1852. याच साली कंपनी सरकारनं इनामी जमिनी तपासणाऱ्या इनाम कमिशनचा कायदा केला आणि घरोघरच्या इनामदारांना 'सनद दाखवा' म्हणून दारात उभं केलं. ज्यांच्या सनदा वाळवीनं खाल्ल्या, त्यांचं इनामही गेलं. वाळवीला मात्र कुणी सनद विचारली नाही. असो.

आमच्या घरात या खापरपणजोबाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलंय: "राणोजींनी गड राखला. नाईकवाडी होते." नाईकवाडी म्हणजे गडाच्या राखणीचे शिपाई. आत्या तर हे सांगताना पदर सावरून बसते.

आता वाचायचं कसं? कागद जुन्या मोडी लिपीतला. तिच्यात आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. मी त्या टांगलेल्या अक्षरांकडे बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या बाकावरून एक भिंग पुढे आलं. भिंगामागे मफलर होता. भर मे महिन्यात.

"मोडी येते?"

"नाही."

"मग आलात कशाला? ओळीला वीस रुपये."

कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडीवाल्यांना भाव आलाय, हे ऐकून होतो. भाव समोर बसलेला पहिल्यांदाच पाहिला. काकांनी पानाची डबी उघडली, चुना लावला, सुपारी कातरली. तोवर राणोजी थांबले. मग बोट ओळीवरून सरकलं.

"रानुनाईकवाडीचीगुरेराखितो."

"बघा! नाईकवाडी!" मी जवळजवळ ओरडलोच.

"थांबा. पुढं 'ची' आहे. रानु, नाईकवाडीची गुरे राखितो."

"अहो काका, तोडायची जागा चुकतेय तुमची. रानु नाईक असेल."

"असेल की. रानु नाईक, वाडीची गुरे राखितो." त्यांनी भिंग पुसलं. "मोडी आहे, कुठंही तोडा. गुरं राखतोच."

"आमच्यात गड राखला म्हणतात."

"राखला ना! काय राखलं ते घरी गेल्यावर बदललं असेल." मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ओ, यांचा गुराखी सापडला!"

दोघं-तिघं वळून बघायला लागले. एकानं तर अभिनंदनही केलं. बरं, गुरं राखण्यात वाईट काय? काहीच नाही. पण ते वीस रुपये देऊन चारचौघांत ऐकायचं? वर काका म्हणाले, ही जोडओळ आहे, दोन अर्थ निघाले, चाळीस होतात. दिले.

म्हटलं, आता गुराखी तर गुराखी, आपलाच आहे. पुन्हा टेबलाकडे गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, काकांनी लिहून दिलेली ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"इथं नुसतं रानु आहे. फार तर नाईक. तुमचं आडनाव वेगळं."

"तेव्हा आडनावं कोण लावत होतं, साहेब?"

"म्हणजे तुमचा म्हणून सिद्ध होत नाही. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ करून आणा, रानुपासून तुमच्यापर्यंत."

"रानु कुणाचा, हे कळायलाच तर नक्कल हवीय!"

"नकलेसाठी वंशावळ लागते."

गड गेल्याचं दुःख मी गिळलं होतं. आता गुरंही देईनात. मागून मफलरवाले काका म्हणाले, "वंशावळही करून देतो. पिढीला पन्नास."

पाच पिढ्या होतात. घासाघीस चालू आहे. आत्याचे तीन फोन येऊन गेलेत, उचललेले नाहीत.