हायब्रिड इन्व्हर्टर की स्वतंत्र चार्ज कंट्रोलर: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. विजेवर चालणाऱ्या बोटीसाठी मी लेखात दोन स्वतंत्र एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारी उपकरणे) आणि एक छोटा इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसी विजेची एसी करणारा) सुचवला होता. आपला आक्षेप असा, की घराच्या सौरयंत्रणेत असतो तसा ५ किलोवॅटचा एकच हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला, बसवला तर सगळी कामे एकाच पेटीत होतात, वायरिंग कमी लागते, आणि दुहेरी रूपांतरात वीज वाया जाण्याची मी दाखवलेली भीती मुळातच चुकीची आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर आपण बरोबर आहात. पॅनेलची वीज आधी एसी करायची आणि चार्जरने तिची पुन्हा डीसी करून बॅटरीत भरायची, असे केले तर प्रत्येक टप्प्यावर ८ टक्के घट धरली तरी एकूण सुमारे १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने निघून जाते. परंतु हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये एमपीपीटी आतच असल्यामुळे हा वळसा पडत नाही. मी दोन्ही रचना एकाच वाक्यात गोवल्या, ही माझी चूक होती, आणि तो परिच्छेद मी दुरुस्त केला आहे.

शिफारस मात्र बदललेली नाही, कारण तिचा मुख्य आधार वेगळा आहे. तो म्हणजे काहीही जोडलेले नसताना इन्व्हर्टर स्वतःसाठी घेतो ती वीज. लेखातल्या ७ मीटरच्या बोटीवर प्रत्येकी ४०० वॅटची चार पॅनेल, म्हणजे १६०० वॅट आहेत. दिवसाला पूर्ण उन्हाचे साडेचार तास धरले आणि आडवी बसवणूक, तापमान व धूळ यांपोटी चतुर्थांश वजा केला, तर साधारण ५.४ युनिट हाती येतात. ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाला १.२ किलोवॅट लागतात असे धरल्यास एवढ्या विजेवर साडेचार तास, म्हणजे १८ सागरी मैल जाता येते. आता ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर स्वतःसाठी ५० वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत १.२ युनिट जातात. घरात हा आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. बोटीवर त्याची किंमत रोजचे चार सागरी मैल आहे.

इन्व्हर्टरमध्ये स्टँडबायची सोय असते, असे आपण लिहिले आहे. ती असते, पण एखादा छोटा चार्जर किंवा एसी फ्रिज जोडलेला राहिला की इन्व्हर्टर वारंवार जागा होतो आणि अपेक्षित बचत पदरात पडत नाही. म्हणून फ्रिज, दिवे आणि पंप डीसीवरच चालवावेत आणि एसीची खरोखर गरज असेल तेवढ्या वेळापुरताच छोटा इन्व्हर्टर चालू करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. बोटीची मोटर तर स्वतःच्या वेगळ्या मोटर कंट्रोलरमार्फत थेट बॅटरीवरच चालते. तिला या इन्व्हर्टरची गरजच नाही.

दुसरे कारण सावलीचे. बोट वळत राहते आणि डोलकाठीची, कठड्याची किंवा उभ्या माणसाची सावली पॅनेलवरून सरकत राहते. अनेक घरगुती हायब्रिड इन्व्हर्टरना चार्जिंगसाठी पॅनेलकडून किमान १२० व्होल्ट लागतात, म्हणून ७२ सेलची चारही पॅनेल एका ओळीत, सीरिजमध्ये जोडावी लागतात. उन्हात तापल्यावर त्या ओळीचा कार्यरत व्होल्टेज १४५ ते १५० च्या आसपास उतरतो. त्यातले एक पॅनेल पूर्ण सावलीत गेले की तो ११० वर येतो, आणि उरलेल्या तीन पॅनेलवर लख्ख ऊन असूनही चार्जिंग थांबते. दोन-दोन पॅनेलच्या जोड्या करून प्रत्येकीला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर दिला, तर एका जोडीवरची सावली दुसरीला बाधत नाही, आणि एक कंट्रोलर बिघडला तरी अर्धे चार्जिंग चालू राहते. एकाच पेटीत सगळे असेल आणि पाण्याच्या मध्यावर तीच बंद पडली, तर चार्जिंग आणि एसी दोन्ही एकदम जातात. शिवाय चार पॅनेलच्या ओळीत उघड्या टोकांवर सुमारे २०० व्होल्ट डीसी असतात; डीसीचा आर्क (तुटलेल्या जोडातून उडणारी सलग ठिणगी) एसीसारखा दर आवर्तनाला शून्यावर येत नसल्याने सहज विझत नाही, आणि ओल्या डेकवर मला तो धोका घ्यावासा वाटत नाही.

मॉडिफाइड साइन वेव्ह इन्व्हर्टर (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा) पुरेसा आहे, या आपल्या सूचनेशी मी सहमत नाही. त्यावर मोटर असलेली उपकरणे जास्त तापतात आणि काही चार्जर नीट चालत नाहीत; छोटा असला तरी इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा.

आपला सल्ला जिथे चपखल बसतो, अशी एक बोट मात्र आहे: बहुतेक वेळ धक्क्याला बांधलेली, किनाऱ्यावरून वीज घेणारी आणि दिवसभर एसी उपकरणे चालवणारी राहती बोट. तिथे प्रवासाचे मैल मोजायचे नसतात आणि इन्व्हर्टर तसाही सतत कामात असतो. अशा बोटीसाठी सागरी वापराकरिता बनवलेला, सर्किट बोर्डांवर संरक्षक लेप असलेला हायब्रिड इन्व्हर्टर मीही निवडेन, आणि लेखात तसा परिच्छेद आता जोडला आहे.