गाडीची परीक्षा मागच्या सीटवर का घेतली?

नमस्कार. सात आसनी गाडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा "धन्यवाद, मतभेद राहतीलच" एवढ्यावर भागवणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेखात टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, नाही, शून्य ते शंभरचा वेळ नाही, वळणावर गाडी किती झुकते ते नाही. आहे काय, तर धाकटी कुठे ओकली, थोरला कधी कुरकुरला आणि मुलाला उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटवर पट्ट्याचं बक्कल लावताना माझा किती जीव गेला. हा रिव्ह्यू नसून पालकत्वाची डायरी आहे, असं तुम्ही लिहिलंय. वर "चांगल्या वळणाची मुलं कुठल्याही गाडीत शांत बसतात" हा टोलाही आहेच.

चांगल्या वळणाची मुलंही वळणावर ओकतात हो. तिथूनच सुरू करू.

कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो सांगत असतो की आपण हलतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ, जागच्या जागी. या दोघांचं जमलं नाही की पोट ढवळतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही, शाळकरी वयात मात्र हा त्रास भरात असतो. बाहेर लांबवर नजर गेली तर बराच आराम पडतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आईवडिलांनी सांगितलेलं असतं. पण नजर जायला खिडकी तरी हवी ना? या गाडीत खिडकीचा काठ मागे चढत जातो. बाहेरून दिसायला झोकदार. मधल्या रांगेत धाकटीचे डोळे त्या काठाच्या जेमतेम वर येत होते. तिसऱ्या रांगेत तर काच इतकी निमुळती झालीय की तिला आभाळाचा एक तुकडा दिसायचा आणि पुढच्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं टोक. हा संस्काराचा प्रश्न आहे की पत्रा कुठे कापला याचा?

आता तुमच्या टॉर्ककडे येते. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण ब्रेक कधी लागणार आणि स्टिअरिंग किती फिरणार हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. म्हणजे या एका बाबतीत गाडीतला सगळ्यात कुचकामी परीक्षक चालकच. रिव्ह्यू मात्र बहुतेक वेळा तोच लिहितो. मळमळ सर्वात जास्त होते ती संथ हेलकाव्यांनी, साधारण ०.२ हर्ट्झच्या, म्हणजे पाच सेकंदांत एक या चालीच्या. खड्ड्याचा दणका वेगळा. त्याने कंबर धरेल, पण उलटी व्हायची ती बहुधा ब्रेक, वेग आणि वळणं यांच्या लयीने. म्हणून शून्य ते शंभर किती सेकंदांत, यापेक्षा ती गाडी वेग कसा पकडते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला तर आधी काहीच होत नाही, मग टर्बो जागा होतो आणि गाडी एकदम झेपावते. मी चालवत होते तेव्हा मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू. नंतर नवऱ्याकडे चावी देऊन मागे बसले. प्रत्येक ओव्हरटेकला दोन छोट्या माना आधी मागे जायच्या, मग पुढे यायच्या. ब्रेकचंही तेच: पेडल जरा दाबलं की पहिल्याच टप्प्यात कचकन पकड. हे इंजिन आणि ब्रेकबद्दलच लिहिलंय, फक्त आकडा न देता.

बूस्टर सीटवर मी परिच्छेद खर्ची घातला याचं तुम्हाला हसू आलं. तर ते जरा जवळून बघा. या गाडीत मधल्या रांगेतल्या पट्ट्याचं बक्कल सीटच्या खाचेत बसवलंय, मऊ पट्टीवर. बूस्टर ठेवला की त्याची कड बरोबर बक्कलवर येते आणि ते आत जातं. मुलाला उठवायचं, बूस्टर तिरका करायचा, दोन बोटांनी बक्कल वर ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने पट्टा खटकन बसवायचा. हेच बक्कल कडक दांड्यावर असतं तर थोरल्याने ते स्वतःच लावलं असतं. प्रत्येक थांब्यावर हा कार्यक्रम. शेवटी कोणीतरी "राहू दे, जवळच जायचंय" म्हणतं, आणि भीती तीच आहे. तीनबिंदू पट्टा निल्स बोलिन यांनी १९५९ साली व्होल्वोत आणला. लावायलाच कंटाळा आला तर त्याचा काय उपयोग?

"चाइल्ड सीट हा गाडीचा भाग नाही" हे तुमचं वाक्य अर्धंच खरं. सीट आपली, पण ती अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या गाडीच्या. दोन कड्यांमधलं अंतर २८० मिलिमीटर, ते ठरलेलं. पण त्या झाकणामागे समोर दिसतात की गादीच्या फटीत हात घालून चाचपाव्या लागतात, हे प्रत्येक गाडीचं वेगळं. शिवाय मधल्या रांगेत चाइल्ड सीट अडकवलेली असताना तिसऱ्या रांगेत जाता येतं का? इथे येत नाही. सीट पुढे घडी होते ती रिकामी असेल तरच. त्यामुळे थोरला डिकीच्या बाजूने चढायचा, आणि त्यासाठी आधी बॅगा उतरवायच्या. सात आसनं ब्रोशरमध्ये खरी. दोन लहान मुलांच्या घरात त्यातली किती उरतात ते ज्याने त्याने मोजावं.

वजनाचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण आकडे हवे आहेत म्हणालात म्हणून. गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान यांच्यासाठी काय उरतं ते कळतं. बऱ्याच सात आसनी गाड्यांत ते ५०० ते ६०० किलोच्या आसपास असतं. सरासरी ६५ किलोची सात माणसं बसवली तर ४५५ किलो तिथेच गेले. टपावरची पेटीही याच हिशेबात, आणि टपाची मर्यादा वेगळी असते. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं. सगळी मंडळी आणि सामान भरल्यावर ही गाडी मागे बसली, हेडलाइट वर बघायला लागले आणि स्टिअरिंग हलकं झालं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पूर्ण भाराचं टायर प्रेशर वेगळं लिहिलेलं होतं, तेवढी हवा भरल्यावर बराच फरक पडला. एकटा माणूस टेस्ट ड्राइव्ह घेतो तेव्हा यातलं काहीच कळत नाही.

डिकीच्या लिटरांचंही असंच. एक लिटरचे ठोकळे, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, रचून जागा मोजायची पद्धत आहे. ठोकळे कानाकोपऱ्यात जातात. घडी केलेली बाबागाडी जात नाही.

एसीबद्दल मी कमी लिहिलं, कारण चांगला होता. मागेही झरोके आहेत, छतात. विषय संपला.

तुमचा एक मुद्दा पूर्ण मान्य: एका प्रवासातून गाडी किती टिकेल, सर्व्हिसला किती खाईल हे कळत नाही. त्यावर मी म्हणूनच काही लिहिलं नाही, आणि लिहिणारही नाही. गाडी कशी "चालते" यासाठी तुम्ही सुचवलेल्या पद्धतीचे रिव्ह्यू ढिगाने आहेत, मीही वाचते. मला प्रश्न होता की मागे बसून तासन्‌तास जाणाऱ्यांना ती कशी वाटते. मुलं कुरकुरली यात काही भाग त्यांच्या स्वभावाचा असणारच. पण थोरला उताणा झोपून शांत, आणि तोच बसल्यावर दहा मिनिटांत पाय आपटायला लागला, तेव्हा मी त्याच्या गुडघ्यामागे हात घातला. सीटची गादी त्याच्या मांडीपेक्षा लांब. कडेवर पोटरी टेकलेली, पाय लोंबकळत. पायाखाली बॅग सरकवली, आवाज बंद.

राहता राहिला सनरूफ, ज्याचा उल्लेखही नाही म्हणून तुम्ही रागावलात. आहे, मोठा आहे. त्याच्या चौकटीमुळे मधल्या रांगेत डोक्यावरची जागा कमी झालीय, आणि दुपारी पडदा ओढूनच ठेवावा लागला. चालत्या गाडीत त्यातून मुलांना उभं करणाऱ्यांपैकी आम्ही नाही, त्यामुळे आमच्यासाठी त्याचा उपयोग तेवढाच.