कामचुकार कोणाला म्हणताय?

नमस्कार. हॉटेलांतल्या आचाऱ्यांना रास्त पगार आणि युनियन हवी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "लेखकमहाशय, पंख्याखाली बसून लिहिणं सोपं असतं" ही सुरुवात झोंबली. मतभेद असू द्या, पण समोरच्याला काहीच ठाऊक नाही असं धरून बोलायची काय गरज होती?

एक दुरुस्ती मान्य. मी १२ तासांची ड्यूटी लिहिली, त्यातून दुपारची तीन तासांची सुट्टी वजा करायला हवी होती. चूक माझी. पण ती सुट्टी कशी असते तेही ऐका. मी सहा वर्षं किचनमध्ये काढलीत. घर लांब, म्हणून ते तीन तास कोठारात पिठाच्या पोत्यांवर अंग टाकायचो आणि मालाची गाडी आली की हाक आम्हालाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंट कामगारांसाठी करार क्रमांक १७२ केला. त्याच्या जोडीच्या शिफारशीत अशी तुटक शिफ्ट शक्य तिथे हळूहळू बंद करावी, आणि तीही शक्यतो सामूहिक वाटाघाटीतून, असं म्हटलंय. उगाच म्हटलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. "हातात कसब असेल तर मालक आपणहून पगार वाढवतो, युनियन लागते ती कामचुकारांना." हे आमच्या वस्तादांसमोर बोलून दाखवा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ट्रेचे चटके. पाठमोरे असले तरी तव्याचा आवाज बदलला की "आच कमी कर" म्हणायचे. १४ वर्षं एकाच ठिकाणी होते. पगारवाढ मागायला गेले की मालक उचलीची वही उघडायचा, आणि वस्ताद मान खाली घालून परत यायचे. उचल फिटल्याशिवाय सोडून जाता येत नाही, मग कसबाचा भाव करणार कुणाशी?

शिवाय कुणाला किती पगार, हे एकमेकांना सांगायची बंदी. एका रात्री आम्ही सात जणांनी आपापला आकडा एका कागदावर लिहिला. शेजारशेजारच्या शेगड्यांवरच्या दोघांत दीडपट फरक, आणि कमी पगार जुन्या माणसाचा! दुसऱ्या दिवशी सातही जण मिळून गेलो. आजारपणाचे खाडे कापणं त्या महिन्यापासून थांबलं, वस्तादांचा पगारही वाढला. चौदा वर्षांत जे एकट्याला जमलं नव्हतं. त्या सातांत कामचुकार कोण होता, सांगा ना.

टिपचं म्हणाल तर टिप टेबलावर मिळते, शेगडीपाशी नाही. आणि टिप असो-नसो, मूळ वेतन ठरल्या वेळी मिळालंच पाहिजे, हे त्याच करारात आहे. "युनियन आली की हॉटेलं बंद पडतात" यावर मी वाद घालत बसणार नाही. हॉटेल चालवलंय का विचारलंत. नाही चालवलं. पण ऐन गर्दीत तुम्ही कधी शेगडीपुढे उभे राहिलात का, असं मी तुम्हाला विचारलं नव्हतं.

पुन्हा जरूर लिहा. फक्त कामचुकारांचं ते वाक्य आधी मागे घ्या.